मंडळी म्हणजे कोण

माझ्यासाठी सगळ्यांत जास्त कुणी केलं असं विचारलंत, तर मी तुळसाक्काचं नाव सांगेन. तुळसाक्का माझी थोरली बहीण. तिला अक्षरओळख नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि त्या कागदावर माझ्या नावाशेजारी तिचंही नाव हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आईवडील प्लेगच्या साथीत एकामागोमाग गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती, मी सात वर्षांचा. तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं, कुंभारवाड्याच्या बाजूला रानातल्या सात घरांच्या एका वाडीत. तिने सासरी निरोप धाडला, भाऊ बरोबर येणार असेल तरच मी बोहल्यावर उभी राहते. सासरचे कबूल झाले. पुढे मला खानापूरला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा रानातली सगळी वाट ती माझ्याबरोबर चालत आली, आणि मला सोडून एकटी परत गेली. त्या वाटेवर अस्वलं असत. ती कशी परतली ते मी कधी विचारलं नाही. मुलं असलं काही विचारत नाहीत.

यंदा मार्गशीर्ष लागला आणि गावाबाहेर भाताची कापणी सुरू झाली. सकाळी शाळेत शिकवायला जाताना ओल्या पेंढ्याचा तो गोडसर, किंचित कुबट वास येतो आणि एक जुनी सुगी आठवते. त्यात आमच्या मंडळीच्या मासिकाने माझ्याकडे लेख मागितला आहे. शास्त्रात ख्रिस्ती मंडळीला निरनिराळ्या उपमा दिल्या आहेत, शरीर, कळप, वेल, इमारत, वधू. त्यांचा अर्थ खेड्यातल्या माणसाला समजेल असा सांगा, असं संपादक लिहितात. मी तीनदा लिहायला बसलो. वधूपाशी आलो की लेखणी थांबते. म्हणून तो लेख बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीच्या एका सुगीची ही गोष्ट. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन वाडीवर आलो होतो. निकाल लागायचा होता, पण पास होणार याची खात्री होती आणि ती खात्री माझ्या चालण्याबोलण्यात उतरली होती. बेळगावात मी पाद्रीसाहेबांच्या शाळेत शिकत होतो. तिथले उपदेशक योहान मास्तर माझ्याबरोबर आले. मास्तर नगरकडचे, साठीला आलेले, दम्याचे. त्यांची मराठी पुस्तकासारखी शुद्ध होती आणि वाडीवर ती कुणाला कळत नव्हती. त्यांनी मला सांगितलं, "मी शास्त्रातलं सांगेन, तू तुमच्या बोलीत सांग."

संध्याकाळी उन्हं उतरली की खळ्यावर माणसं जमत. मधोमध तिवड्याचा खांब, त्याभोवती बैल फिरत, पायांखाली भात मळलं जाई. तेवढा वेळ बसलेल्यांना काही तरी ऐकायला हवंच असे. सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करायला, दिग्गीहून गोविंदा म्हणून एक जण आलेला होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. आणि वाडीचे बुधवंत, म्हणजे गावाचे वडीलधारे, ज्यांचा शब्द शेवटचा, ते खळ्याच्या कडेला कांबळ्यावर बसत.

मास्तर पहिल्या दिवशी कळपाबद्दल बोलले. मेंढपाळ कसा एकेक मेंढरू ओळखतो, हरवलेल्याला शोधायला कसा जातो.

"मास्तर, मेंढरं आमी बगितलीच न्हाईत," गोविंदा म्हणाला. "त्येस्नी शिंगं असत्यात काय ओ?"

मी गोंधळलो. पेंढ्या बांधत असलेली अक्का मान वर न करता म्हणाली, "परशा, म्हशी म्हण की. गवळ्याची म्हसरं."

मी म्हशी म्हटलं. सगळ्यांच्या माना हलल्या. रानातले गवळी आणि त्यांची म्हसरं सगळ्यांच्या ओळखीची. पण गोविंदाला लगेच पुढचं सुचलं. "मग उलटंच झालं की! वाघ आला की म्हशी गवळ्याला मधी घेत्यात अन् शिंगं भाईर करत्यात. राखणदारालाच राखत्यात!"

मास्तर इतके हसले की त्यांना दम लागला. दम ओसरल्यावर त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. उद्या काय सांगायचं ते मास्तरांकडून दुपारीच समजून घ्यायचं, आणि अक्का कापणीच्या बांधावर भाकरी खायला बसली की तिला विचारायचं, याला आपल्यात काय म्हणतात? कोनशिलेला आमच्याकडे शब्दच नव्हता. घरं मातीची, लाकडी खांबांवर उभी. ती म्हणाली, "दगूड कशाला? मेढ म्हण. मेढ काढली तर घर बसतंय." द्राक्षवेल कुणी पाहिलेली नव्हती. ती म्हणाली, मिरीची वेल म्हण. त्या संध्याकाळी बुधवंतांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मिरीची वेल आपल्या पायावर कवा उभी ऱ्हातीया? तिला फणस लागतोय. तुमच्या वेलीचा फणस कोण, मास्तर?" मास्तरांनी उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं, तेही अर्धंच.

शरीराच्या उपमेला मात्र तिने शब्द दिला नाही. सगळे मिळून एक अंग, एकाला दुखलं की सगळ्यांना दुखतं, हे मी सांगू लागलो तर ती म्हणाली, "ह्ये सांगाय कशाला पायजे? करंगळीत कुसळ मोडलं तर सगळी बाई कण्हती."

मी आज वर्गात मुलांना उपमा शिकवतो, तेव्हा उपमेय आणि उपमान फळ्यावर लिहितो. त्या दोहोंच्या मध्ये कुणी तरी बांधावर भाकरी खात बसलेलं असावं लागतं, हे फळ्यावर लिहिता येत नाही.

एकच शब्द मी तिला विचारला नाही. तो मला ठाऊकच आहे असं वाटलं म्हणून.

नवव्या दिवशी मास्तरांना ताप होता. "आज वधूचं आहे," ते म्हणाले. "हे नाजूक आहे. राहू दे वाटल्यास." पण राहू देणारा मी नव्हतो. आज मास्तरांवाचून सांगणार याचा मला आनंदच झाला होता. खळ्यावर माणसं भरपूर होती. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान मारुती, बैलांमागे फिरत होते. मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "ऐका. तुमची मंडळी, ती नुसती तुमची न्हवं. ती ख्रिस्ताची हाय. ती त्येची नवरी. तिनं नटून त्येची वाट बगायची."

दाजींचे बैल दोन पावलं चालून थांबले.

बेळगावात पाच वर्षं मी मंडळी हा शब्द एकाच अर्थाने ऐकला होता. रविवारी जमणारे ते सगळे, शहरातले, देशोदेशीचे, विश्वासाने एक झालेले लोक. पण वाडीवर नवरा बायकोचं नाव घेत नाही. तो म्हणतो, आमची मंडळी. दाजी अकरा वर्षं अक्काला तेच म्हणत आले होते. आमच्या मंडळीला बरं नाही, आमची मंडळी शेतात गेलीया. मी त्याच घरात वाढलो होतो. आणि विसरलो होतो.

गोविंदाच्या तोंडून ते निसटलंच. "काय ओ मारुती, तुमची मंडळी दुसऱ्याची म्हणं! लगीन कवा?"

कुणी तरी हसलं. दाजी हसले नाहीत. त्यांनी बैलांचे कासरे तिवड्याला गुंडाळले आणि ते घराकडे चालू लागले.

इथे एक सांगायला हवं. अक्काला मूलबाळ नव्हतं. दुसरी करा, असं दाजींना अकरा वर्षं लोक सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. त्या माणसाने कुणाला काही न बोलता एवढं सांभाळलेलं होतं. आणि रोज संध्याकाळी खळ्यावर येऊन मास्तरांचं ऐकणारी, माझ्या तोंडात शब्द घालणारी बाई त्या वाडीत एकटी अक्काच होती. माझं वाक्य रिकाम्या जागी पडलं नाही.

मी धावत घरी गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. "दाजी, त्या शब्दाचा अर्थ निराळा हाय," मी म्हणालो.

"अर्थ तुझ्या शाळंत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "हितं शब्द हाय. अकरा वर्सं मी गावाची तोंडं धरून बसलो. आज तिच्या भावानंच खळ्यावर उभा ऱ्हाऊन सांगितलं, ही तुझी न्हवं म्हणून."

सकाळी अक्काची दोन लुगडी आणि तिचा तांब्या ओट्याखाली ठेवलेला होता. "जा," दाजी म्हणाले. "ज्येची हाईस तिकडं."

तिला जायला माहेर नव्हतं. माहेर म्हणजे मी, आणि मी तिच्याच घरात राहत होतो. ती शेतातल्या खोपीत गेली. रानडुकरं राखायला बांधलेली ती गवताची खोप, तीन बाजूंनी उघडी. अमावस्येला गाव बसेल आणि ठरवेल, असं बुधवंतांनी कळवलं. अमावस्या चार दिवसांवर होती.

त्या चार दिवसांची आठवण मला कुठल्याही परीक्षेपेक्षा जड आहे. भात पिकून झुकलं होतं. आणखी थांबलं तर दाणा गळला असता. पहिल्या सकाळी अक्का विळा घेऊन शेताच्या ओढ्याकडच्या कडेला उतरली आणि कापू लागली. थोड्या वेळाने दाजी आले. तिला पाहून उभे राहिले. मग वरच्या कडेला गेले आणि तिथून कापू लागले. शेत एकच. दोन टोकांना दोघं. मध्ये उभं पीक. मी अक्काच्या मागे पेंढ्या बांधत होतो. मास्तर खोपीच्या सावलीला अंगावर कांबळं घेऊन बसले होते.

"अक्का, मी जाऊन पाया पडतो त्यांच्या."

"गप बांध," ती म्हणाली. "पेंढी सैल हाय."

दुसऱ्या दिवशी दोघांमधलं पीक निम्मं झालं. तिसऱ्या दिवशी दाजींच्या विळ्याचा आवाज आम्हाला येऊ लागला. चर्र, मग थांबणं, मग चर्र. अक्काचा विळाही तसाच चालत होता. कुणी आधी थांबत नव्हतं. मला वाटत होतं, पीक संपलं की दोघं समोरासमोर येतील आणि काही तरी होईल, बरं किंवा वाईट. मी मनात प्रार्थना करत होतो, आणि कशासाठी करतो आहे ते मलाच कळत नव्हतं. पीक लवकर संपावं म्हणून की संपूच नये म्हणून?

चौथ्या सकाळी मध्ये हातभर रुंदीचा पट्टा उरला. भाताच्या कणसांतून मला दाजींचं मुंडासं दिसत होतं. तेवढ्यात देवळाकडून हाक आली. दाजींनी विळा कमरेला खोचला आणि ते गेले. पट्टा तसाच उभा राहिला.

देवळापुढच्या झाडाखाली सगळे बसले होते. मी जे शिकलो होतो ते सगळं तिथे बोललो. मंडळी म्हणजे बायको नव्हे, मंडळी म्हणजे जमलेली माणसं, एका मनाने जमलेली.

"मग आमी हितं जमलोय ही बी मंडळीच," बुधवंत म्हणाले. "आमी सगळे नवरी काय?"

गोविंदाने उपरणं डोक्यावरून घेऊन लाजल्यासारखं केलं. हशा झाला. बुधवंतांनी नुसता हात वर केला आणि हशा थांबला.

"परशा, तुजा शब्द चुकला का शास्त्र चुकलं?"

"माझा शब्द."

"मग शास्त्रात त्ये न्हाई?"

मी अक्काकडे बघितलं.

"हाय का न्हाई?"

"हाय. पण..."

"पण म्हटलं की माणूस निसटतोय." ते दाजींकडे वळले, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. "आसं कर. तू अन् मास्तर आजच्या आज बेळगावला जावा. हितं ऱ्हाऊन लिवलंस तर तुळसाचं ऐकून लिवशील. तितनं कागद धाड. मंडळी नवरी हाय ह्ये खोटं, अन् तुळसा तुमच्यातली न्हवं, ह्ये दोन लिव. शानभोग पुढल्या आठवड्यात सारा लिवाय येतोय, तो वाचंल. मग ती घरात."

अक्का बायकांच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "त्यानं लिवलं म्हंजे मी घरात? मला कुणी इच्चारलंच न्हाई ते."

"तुला काय इच्चारायचं, बाई?"

"तेच," ती म्हणाली, आणि पट्टा कापायला निघून गेली.

दाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

बेळगावच्या वाटेवर मास्तर दर अर्ध्या कोसाला बसत. एका बसण्यात म्हणाले, "माझं नाव घाल. म्हाताऱ्याने चुकीचं शिकवलं म्हण. मला काही होत नाही." पुढच्या बसण्यात म्हणाले, "नको. खोटं लिहू नकोस. पण परशा, शहाणपणही लिहू नकोस. दोन्ही तिला महाग पडेल."

मी तीन पत्रं लिहिली. पहिल्यात बुधवंतांनी सांगितलेल्या दोन ओळी होत्या, जशाच्या तशा. त्या लिहायला घोटभर पाणी पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही, आणि ते बघूनच मी कागद फाडला. दुसरं आठ पानांचं होतं, त्यात सगळ्या उपमा होत्या. ते मास्तरांनी वाचलं आणि परत दिलं. तिसरं पाठवलं.

पुढचं मला बऱ्याच वर्षांनी गोविंदाने सांगितलं. शानभोगांनी देवळापुढे पत्र वाचलं. दाजी उभ्याने ऐकत होते. एक जागा त्यांनी पुन्हा वाचायला लावली, कुठली ते गोविंदाला आठवेना. बुधवंत म्हणाले, हे मागितलेलं नव्हे. दाजी म्हणाले, "न्हवं. पर पुरं हाय." मग बायकांच्या बाजूला बघून म्हणाले, "तुळसा, चल. खळ्यावर भात पडून हाय." चारचौघांत नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं, याचीच चर्चा त्या वर्षी वाडीत जास्त झाली.

मी पुढे बाप्तिस्मा घेतला. मंडळीतले लोक कधीकधी विचारतात, तुमच्या बहीणबाई आल्या का आपल्यात? मी सांगतो, ते त्यांना विचारा. काहींना ते तुटक वाटतं. संपादकांनाही माझा लेख आला नाही म्हणून राग येईल. त्यांनी उपमांचा अर्थ मागितला होता. मला जेवढा कळला तेवढा त्या तिसऱ्या पत्रात आहे. मास्तरांनी त्याची नक्कल त्यांच्या वहीत करून ठेवली होती, ती खाली उतरवतो.

"तीर्थस्वरूप तुळसाक्का हिला परशाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र शानभोग सगळ्यांपुढे वाचतील, तरी मी ते तुलाच लिहितो.

खळ्यावर मी जो शब्द बोललो तो तुला आधी विचारला नाही. बाकी सगळे विचारले होते. विचारला असता तर तू हसून म्हणाली असतीस, अरे, हा शब्द तुझ्या दाजींचा आहे, दुसरा शोध. चूक ती आणि तेवढीच, आणि ती माझी आहे.

शास्त्रात मंडळीला वधू म्हटलं आहे. ते नाही असं मी लिहू शकत नाही. पण तिथे मंडळी म्हणजे पुष्कळ माणसं मिळून एक, त्यांत पुरुषही आले. कुणाची लग्नाची बायको त्याच्या घरातून काढून नेणारा तो शब्द नव्हे. उलट तिथेच पुढे सांगितलं आहे की नवऱ्याने बायकोला आपल्या अंगासारखं जपावं. दाजी ते अकरा वर्षं करत आले, कुणी न सांगता. मी वाचून सांगितलं आणि त्यांनी केलं होतं. त्यांना खळ्यावर जे ऐकून घ्यावं लागलं त्याबद्दल मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो.

तू आमच्यातली नव्हेस असं लिहून दे, असं बुधवंत म्हणाले. आमच्यातली आहेस असं लिही, असं माझं मन म्हणतं. मी दोन्ही लिहीत नाही. तुला कुणी विचारलं नाही असं तू म्हणालीस, आणि मीही विचारलं नव्हतं. ते तुझ्या तोंडाने येईल तेव्हा येईल, नाही तर न येईल. माझ्या कागदावर ते येणार नाही.

एवढ्याने दार उघडलं नाही, तर तू खोपीत राहू नकोस. पुढच्या बुधवारी सकाळी मी गुंदच्या वाटेवरच्या ओढ्याशी येऊन थांबतो. तू आलीस तर मी कॉलेजात जाणार नाही. इथे काम बघतो, आपण दोघं बेळगावात राहू. दुपारपर्यंत आली नाहीस, तर तू घरात आहेस असं समजेन आणि परत फिरेन.

तुझा,
परशा"